डांबर, मुरूम आणि काळी माती: एका सरांच्या सायकलीचं प्रकरण

सर परतवाड्यात राहतात आणि अचलपूर तालुक्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. वय ४७, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. तीन वर्षांपूर्वी रक्तातली साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. सरांनी त्यावर वेगळाच तोडगा काढला. मोटारसायकल घरी ठेवली आणि शॉक असलेली, सरळ हँडलची, गिअरची एक स्वस्त सायकल घेऊन शाळेत जायला लागले. सुरुवातीला आठवड्यातून एक दिवस, मग तीन, मग चार. साखर उतरली आणि सायकल अंगात भिनली.

एका दिवाळीनंतर ते माझ्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, आता एकच चांगली सायकल घेतो. तिच्यावर शाळेतही गेलो पाहिजे, चिखलदऱ्यालेही गेलो पाहिजे, अन् दोनशेची बीआरएमही झाली पाहिजे. खर्च सगळा धरून नव्वद हजार. त्याच्या वर एक रुपया नाही."

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, दोनशेची म्हणजे २०० किलोमीटरची. सरांच्या डोक्यात तेव्हा रोड सायकल होती, बारीक टायरची. ते साहजिकच होतं. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून आपल्याकडे सायकल म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे तीच आकृती येते. मला मात्र सरांची वाट माहीत होती. म्हणून मी त्यांना आधी सायकलींबद्दल काहीच बोलू दिलं नाही. चार आठवडे एक वही ठेवायला सांगितली: कोणत्या दिवशी, कोणत्या रस्त्याने, किती किलोमीटर, आणि कुठे उतरावं लागलं.

त्यानंतर दहा-बारा जणांनी मला हाच प्रश्न विचारला आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. सरांनी शेवटी कोणत्या कंपनीची सायकल घेतली हे मुद्दाम सांगत नाही. मॉडेलं दरवर्षी बदलतात, वाट बदलत नाही.

वही काय म्हणाली

सरांच्या शाळेला दोन वाटा आहेत. पूर्ण डांबरी रस्त्याने फेरा घालून गेलं तर २३ किलोमीटर. मधून गेलं तर १६. या १६ पैकी ८ किलोमीटर डांबर, ५ किलोमीटर कालव्याच्या काठची मुरमाची वाट आणि शेवटचे ३ किलोमीटर पांदण, दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे आणि पऱ्हाटी. सर बहुतेक दिवस मधूनच जातात. सात किलोमीटर वाचतात हे एक कारण. दुसरं कारण त्यांनी वहीत लिहिलं होतं: "कालव्यावर एकही ट्रक नाही."

वहीतल्या चार आठवड्यांत रोजची सायकल जवळपास निम्मी डांबरावर आणि निम्मी कच्च्यावर होती. रविवारच्या फेऱ्या धरल्या की डांबराचं पारडं थोडं जड व्हायचं. म्हणजे ज्याला मिश्र वापर म्हणतात तो हाच. पण "कच्चा रस्ता" या एका शब्दात तीन वेगळे रस्ते दडलेले असतात आणि सायकल निवडताना तिन्ही वेगळे मोजावे लागतात.

मुरूम हा सगळ्यात सोपा. दाबून बसलेला असला तर डांबराच्या खालोखाल चालतो. वळणावर सैल खडे साचतात, तिथे बारीक टायर घसरतो, एवढंच.

पांदणीवर खरी परीक्षा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते. सरांच्या पांदणीत मे महिन्यात वाटेच्या लांबीनेच भेगा पडतात. काही भेगांत २८ मिमीचा टायर सरळ आत बसेल. पावसाळ्यात बंडी आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी जी चाकोरी पडते ती दसऱ्यानंतर वाळून दगडासारखी होते. हंगामात संत्र्याची पिकअप गाडी येऊन गेली की त्या चाकोरीत दुसरी चाकोरी. सायकलचं चाक एकदा त्यात उतरलं की कडेवर चढवताना टायर घासतो आणि हँडल हातातून फिरतं. सर जुन्या सायकलवरून दोनदा पडले ते याच जागी, कोरड्या दिवसांत.

तिसरा रस्ता म्हणजे हीच पांदण पावसाळ्यात. त्याबद्दल मी सरांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की त्यासाठी सायकल घ्यायचीच नाही. गारा, म्हणजे चिकट चिखल, चाकाला लागतो, पुढच्या दहा फेऱ्यांत फोर्कमध्ये, म्हणजे चाकाच्या चिमट्यात, भरतो आणि चाक फिरायचं थांबतं. रुंद टायर असो, गुट्ट्यांचा असो, कोणताही असो. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावाजवळ २००६ पासून ग्रॅव्हलची, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवरची, मोठी शर्यत होते, तिला आता ‘अनबाउंड’ म्हणतात. २०२३ च्या शर्यतीत पाऊस झाला तेव्हा जगातले नावाजलेले स्वार चिखलातून सायकली खांद्यावर घेऊन चालत होते आणि रंग ढवळायच्या लाकडी पट्ट्यांनी चाकं खरवडत होते. आपला शेतकरी वखराला लागलेली माती काडीने काढतो, तसंच. त्यामुळे सरांचं ठरलं: मृगापासून नवरात्रापर्यंत, पाऊस पडून गेला असेल त्या दिवशी २३ किलोमीटरच्या फेऱ्यानेच जायचं. एवढा एक निर्णय आधी झाल्याने पुढची निवड निम्मी सोपी झाली.

चार पर्याय, तीन चाचण्या

कागदावर चार पर्याय होते: ३२ मिमीपर्यंतचा टायर बसणारी आरामशीर बैठकीची रोड सायकल, २९ इंची चाकांची पुढे शॉक असलेली माउंटन बाइक, चांगल्यापैकी हायब्रिड (सरळ हँडलची, रोड आणि माउंटनच्या मधली), आणि ग्रॅव्हल. शेवटचा शब्द सरांना नवीन होता. सोप्या भाषेत सांगायचं तर रोड सायकलसारखं वाकडं हँडल, पण फ्रेमची ठेवण जरा लांब आणि स्थिर, ४० मिमीच्या आसपासच्या टायरला जागा, डिस्क ब्रेक, हलके गिअर, आणि कॅरियर-बाटल्या लावायला फ्रेमवर जागोजागी छिद्रं. हा प्रकार तसा अलीकडचा. सायकलची जागतिक संघटना यूसीआय हिने ग्रॅव्हलची पहिली विश्वस्पर्धा घेतली ती २०२२ मध्ये, इटलीत.

चाचण्या दुकानाच्या दारात होत नाहीत. म्हणून आम्ही सायकली मागून आणल्या. सरांच्या भाच्याची माउंटन बाइक, अमरावतीच्या एका ओळखीच्या डॉक्टरांची ग्रॅव्हल, आणि सरांची जुनी सायकल. वाट तीच १६ किलोमीटरची, वेळ सकाळी सहाची, पाठीवर शाळेची पिशवी तीच. प्रत्येक सायकल दोन-दोन दिवस.

माउंटन बाइक पांदणीवर राजा निघाली. चाकोरी, भेगा, काही जाणवू देईना. पण डांबरावरच्या ८ किलोमीटरला तिचे गुट्टे घुंऽऽ आवाज करत राहिले आणि एकूण वेळ ५८ मिनिटं लागली. ग्रॅव्हलला ५० मिनिटं. जुन्या सायकलला ६१. आठ मिनिटांचा फरक फार मोठा नाही, हे मी सरांना स्पष्ट सांगितलं. रोज फक्त शाळाच असती तर मी माउंटन बाइकच घ्या म्हटलं असतं, चाकोरीत पडण्यापेक्षा आठ मिनिटं गेलेली परवडतात. पण सरांना बीआरएम करायची होती. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, थांबे धरून. म्हणजे सरासरी ताशी १५ च्या जवळ. ते माउंटन बाइकवरही जमतं, जमवणारे आहेत, पण सरळ हँडलवर, मग ते हायब्रिडचं का असेना, हात एकाच जागी राहतात आणि सरांच्या मनगटाला मुंग्या येण्याची तक्रार आधीपासून होती.

जुन्या सायकलबद्दल एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, कारण सगळे इथेच फसतात. स्वस्त सायकलवरचा शॉक बघून लोकांना वाटतं की खराब रस्त्याला हीच बरी. आत नुसती स्प्रिंग असते, तिचा उसळीचा वेग आवरणारं काही नसतं. दोन किलोंहून जास्त लोखंड पुढे लटकतं, एका पावसाळ्यात आत धूळ-पाणी जाऊन तो अर्धा जाम होतो, आणि उभं राहून पायडल मारलं की पायांतली ताकद स्प्रिंग खाते. चांगला हवेचा शॉक वेगळा, पण तो सरांच्या पैशांत बसत नव्हता. हवाच हवी असेल तर ती टायरमध्ये घ्यावी. रुंद टायर, कमी हवा. त्यापेक्षा स्वस्त शॉक जगात नाही.

वाकड्या हँडलची सरांना भीती होती. "पाठ मोडन ना हो भाऊ," हे वाक्य मी चार वेळा ऐकलं. डॉक्टरांच्या सायकलवर दोन दिवस बसल्यावर ती गेली. बहुतेक वेळ हात वर, ब्रेकच्या मुठीवरच असतात. ग्रॅव्हलचं हँडल सीटच्या मानाने उंच असतं आणि खालचे दांडे बाहेरच्या बाजूला पसरलेले असतात, त्यामुळे पांदणीवर आवळून धरता येतं. आणि एप्रिलमध्ये दुपारी परतताना समोरून पश्चिमेचा गरम वारा सुटतो, तेव्हा दहा मिनिटं खाली वाकून जाता आलं की जीव वाचतो.

रोड सायकलची चाचणी आम्ही घेतली नाही. ३२ चा टायर त्या पांदणीवर घालायची माझीच हिंमत झाली नाही.

चढाचं गणित

परतवाड्याहून चिखलदरा तीसेक किलोमीटर. धामणगाव गढीकडून जा किंवा घटांगकडून, शेवटी तुम्हाला समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर पोचायचं आहे. इथे सायकलचा प्रकार नाही, सगळ्यात हलका गिअर ठरवतो.

मी सरांना फळ्यावर मांडून दाखवलं, ते गणिताचेच शिक्षक आहेत. रोड सायकलवर नेहमी मिळतो तो सगळ्यात हलका जोड म्हणजे पुढे ३४ दात, मागे ३२. पायडल एकदा फिरलं की चाक १.०६ वेळा फिरतं. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर वेग ताशी सव्वाआठ किलोमीटर. त्याहून हळू जायचं तर पाय रेटावे लागतात. ७ टक्क्यांचा चढ धरला, सर आणि सायकल मिळून ८८ किलो धरले, तर या वेगाला साधारण १५० वॅट लागतात. पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर एका फेरीत चाक ०.८८ वेळा फिरतं, वेग ताशी ७ होतो आणि १३० वॅटमध्ये भागतं. वीस वॅटचा हा फरक पाच मिनिटांत कळत नाही, तासाभराच्या घाटात गुडघ्याला कळतो. सर थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे वेग कमी करायची सोय विकत घ्यायची." अगदी तेच.

मग पुढचा वाद: पुढे एकच चक्री की दोन? ग्रॅव्हलमध्ये सध्या एकाच चक्रीची चलती आहे आणि त्याला कारण आहे. चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा पुढचा डिरेलर नाही, म्हणजे गारा अडकायला एक जागा कमी आणि बिघडायला एक वस्तू कमी. मलाही ती रचना आवडते. पण सरांच्या पैशांत एका चक्रीच्या ज्या सायकली येत होत्या त्यांना मागे दहा चक्र्या होत्या, आणि दहाच्या चेन परतवाड्यात मिळत नाहीत. मागे आठ चक्र्या असतील तर सहा, सात आणि आठ गिअरच्या सायकलींची चेन एकच असते. ती आता तालुक्याच्या दुकानातही टांगलेली दिसते, कारण शाळेची पोरंही गिअरच्या सायकली चालवतात. म्हणून पुढे ४६ आणि ३०, मागे ११ ते ३४, आठ चक्र्या असं ठरलं. त्याचा तोटा असा की या दर्जाच्या मागच्या डिरेलरला चेन ताणून धरणारा क्लच नसतो, कालव्यावर चेन फ्रेमवर आपटून खडखडते. जुन्या ट्यूबची पट्टी फ्रेमच्या नळीला गुंडाळली की आवाज मरतो.

दुकानं, छिद्रं आणि सहा मिलिमीटर

एका मोठ्या शहरातल्या दुकानात सरांना सांगितलं, "पंचेचाळीसचा टायर आरामात बसतो." फोनवर हे ऐकून सर पैसे भरायला निघाले होते. मी थांबवलं आणि दोघं मिळून गेलो. सायकलवर ४० चा टायर होता. मी खिशातली ६ मिमीची अ‍ॅलन की काढून टायर आणि मागच्या नळ्यांच्या मधून फिरवली. एका बाजूला गेली, दुसऱ्या बाजूला अडकली. म्हणजे त्या फ्रेममध्ये ४० च जेमतेम. चाक जरा वाकडं झालं किंवा ओली माती लागली की टायर फ्रेमला घासून रंग आणि मग धातू खाणार. ती सायकल सोडली. दुसरीकडे मिळाली तिच्यात ४० च्या टायरला दोन्ही बाजूंनी की ढिली फिरत होती.

फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची घेतली. स्टीलची घ्यावी असं सरांना फार वाटत होतं, "गावात वेल्डिंग तरी होते" म्हणून. पण चांगल्या सायकलची स्टीलची नळी इतकी पातळ असते की गेट जोडणाऱ्या वेल्डरने हात लावला तर भोक पडेल. वेल्डिंगच्या भरवशावर फ्रेम निवडू नये. स्टील अंगाला मऊ लागतं म्हणून घ्यायचं असेल तर जरूर घ्यावं.

ब्रेक वायरने ओढायचे डिस्क ब्रेक. तेलाचे ब्रेक बोटाला हलके लागतात आणि मला वापरायला तेच आवडतात. पण एक धोका मी डोळ्यांनी पाहिला आहे. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये डॉट ४ हे वेगळं ब्रेक ऑइल मिळतं. कोणी भल्या मनाने ते त्यात ओतलं की आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. वायर तुटली तर सर स्वतः बदलू शकतात, फक्त ती वायर घरी ठेवावी लागते, कारण वाकड्या हँडलच्या ब्रेकच्या वायरीचं टोक साध्या सायकलच्या वायरीपेक्षा वेगळ्या आकाराचं असतं. सरांच्या सीटखालच्या पिशवीत अशी एक वायर गुंडाळून ठेवलेली आहे.

टायर, म्हणजे खरं प्रकरण

जुन्या सायकलचा टायर एकदा शाळेजवळ फाटला होता तेव्हाची गोष्ट. गावातल्या पंक्चरवाल्याने चाक पाहिलं, "अठ्ठाविसचंच हाय सर," म्हणाला आणि नवा टायर काढला. तो रिंगवर बसेचना, ढिला. दोघंही गोंधळले. चूक कोणाचीच नव्हती. आपल्या काळ्या, दूधवाल्याच्या सायकलला २८ इंची म्हणतात आणि ७०० सी या मापाच्या चाकालाही बरेच जण २८ म्हणतात. पण पहिल्याच्या रिंगचा व्यास ६३५ मिमी, दुसऱ्याच्या रिंगचा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक म्हणजे टायरचा घेर चार सेंटिमीटरने मोठा. म्हणून टायरवर ‘इंच’ वाचूच नये. बाजूला बारीक अक्षरांत ४०-६२२ असा आकडा असतो, तो वाचावा. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिंगचा. या आकड्याने आणखी एक दार उघडतं: २९ इंची माउंटन बाइकची रिंगही ६२२ चीच असते. अडीअडचणीला २९ बाय १.७५ चा टायर, म्हणजे साधारण ४४ मिमीचा, सरांच्या फ्रेममध्ये बसतो. आम्ही तो एकदा चढवून पाहिला आहे.

दुसरी अडचण वाल. चांगल्या सायकलींना बारीक, सुईसारखा प्रेस्टा वाल येतो. गावातल्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटारसायकलच्या जाड वालचं. मध्ये लावायचा पितळी अडॅप्टर बोराच्या बीएवढा असतो आणि किरकोळ पैशांत मिळतो. सरांनी तीन घेतले. एक पिशवीत, एक घरी, एक त्या पंक्चरवाल्याकडे ठेवायला दिला. हे मला फार आवडलं.

आणि काटे. बाहेरचे स्वार खडीने टायर कापला जाईल म्हणून घाबरतात, आपल्याकडे शत्रू वेगळा. बाभळीचा काटा लांब, टायरमधून सरळ ट्यूबपर्यंत जातो. बोराच्या फांद्यांचं कुंपण सरकून पांदणीत येतं. सगळ्यात वाईट सराटा: पडीक वावरातून, धुऱ्यावरून वाटेवर पसरतो, दिसत नाही, एकदम आठ-दहा काटे टायरमध्ये घेऊन येतो. अमेरिकन सायकलवाले ज्याला शिव्या देतात तो ‘गोटहेड’ म्हणजे हाच आपला गोखरू. पहिल्या दोन महिन्यांत ट्यूबवर चालवताना सरांना पाच पंक्चर झाली. मग ट्यूबलेस केलं. रिम आणि टायर दोन्ही त्यासाठी बनलेले होते, फक्त पट्टी, वाल आणि सीलंट लागलं. काटा काढला की सीलंटचं पांढरं दूध दोन फेऱ्यांत भोक बुजवतं.

दुकानं एक गोष्ट सांगत नाहीत. हे सीलंट आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं. थंड मुलखात चार-सहा महिने टिकतं म्हणतात. सरांच्या टायरात मार्चमध्ये भरलेलं मेच्या मध्यावर रबराचा कोरडा पापुद्रा होऊन बसलं होतं. आता ते मार्च ते जून दर सहा आठवड्यांनी वाल काढून थोडं नवं घालतात. तरीही एक ट्यूब कायम जवळ असते. पण ट्यूबलेस टायरात ट्यूब टाकायची वेळ आली तर आधी टायरच्या आतून बोट नाही, कापड फिरवावं. सीलंटने बुजवलेले जुने काटे आतच असतात, ते नव्या ट्यूबला एका मिनिटात खातात. हे सर वाटेत शिकले, दुपारी एक वाजता.

हवेचं तर सांगायलाच हवं. दुकानाने सायकल देताना ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून दिली होती. पहिला आठवडा सर नाराज होते. "एवढे पैसे घालून जुनीच बरी होती, भाऊ. हाडं खिळखिळी झाली." मी हवा पुढे ३४ आणि मागे ३८ वर आणली. ४० मिमीच्या ट्यूबलेस टायरला त्यांच्या वजनाला एवढी पुरते. ट्यूब असेल तर चार-पाच जास्त, नाहीतर दगडावर आपटून रिम ट्यूबला दोन भोकं पाडते. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला, आवाजच बदलला होता. जी सायकल परत करायचा विचार चालला होता ती त्यांची आवडती झाली, एका पंपाने. उन्हाळ्यात सकाळी भरलेली हवा दुपारी शाळेच्या पत्र्याखाली आपोआप चार-पाच पीएसआयने वाढते, म्हणून सर सकाळी दोन कमीच भरतात.

वर्षभरानंतर

वहीप्रमाणे वर्षात साडेपाच हजार किलोमीटर. एक चेन बदलली. मागचे ब्रेक पॅड पावसाळ्यातच संपले. चिखलाच्या पाण्यात रेझिनचे पॅड झपाट्याने झिजतात. धातूचे घालायचे ठरवलं, तर डिस्कवरच ‘फक्त रेझिन पॅड’ असं कोरलेलं सापडलं. स्वस्त डिस्कवर असतंच. आता डिस्क बदलायची वेळ येईल तेव्हा दोन्ही एकदम बदलू.

माझा एक सल्ला चुकला. मी त्यांना पूर्ण लांबीचे मडगार्ड लावायला लावले. ऑगस्टमध्ये एके दिवशी सर फेऱ्याने न जाता मोह आवरेना म्हणून पांदणीत शिरले. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये माती गच्च बसली आणि सायकल उचलून पाऊण किलोमीटर चालावं लागलं. मडगार्ड त्याच संध्याकाळी निघाले. आता मागे सीटखाली फडकणारी एक प्लॅस्टिकची पट्टी आहे, शर्टाची पाठ तेवढी वाचते. डांबरी फेऱ्यासाठी पूर्ण मडगार्ड बरेच होते. पण रोज सकाळी आकाश बघून मडगार्ड काढणं-लावणं कोण करणार?

रोह्यांसाठी, म्हणजे नीलगाईंसाठी, पुढचा दिवा आधीपेक्षा मोठा घेतला. पहाटे कालव्यावर ती आडवी येतात आणि थांबून बघत बसतात. चिखलदऱ्याला सर सहा वेळा जाऊन आले, घटांगकडून चार, धामणगाव गढीकडून दोन. मेळघाटातल्या आतल्या कच्च्या वाटा मात्र व्याघ्र प्रकल्पाच्या आहेत. सायकल कितीही त्या वाटांसाठी बनलेली वाटली तरी वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे जाऊ नये. सर गेलेले नाहीत. जानेवारीत दोनशेची बीआरएम झाली, ११ तास ४० मिनिटांत. त्यासाठी त्यांनी टायर तेच ठेवले, हवा फक्त ४५ केली.

खर्च: सायकल ७१ हजार. ट्यूबलेसचं सामान, पंप, दिवा, कॅरियर, अडॅप्टर, हेल्मेट, सुट्या वायरी आणि चेन मिळून सव्वातेरा हजार. नव्वदमधले पावणेसहा उरले, त्यातून त्यांनी शाळेतल्या एका मुलीची सायकल दुरुस्त करून दिली. ती सहा किलोमीटरवरून येते.

मागच्या रविवारी आम्ही दोघांनी चाकं काढली. मागच्या टायरचा मधला पट्टा गुळगुळीत झाला होता, पुढच्यात अजून निम्मा जीव होता. पुढचा काढून मागे टाकला आणि नवा पुढे लावला, कारण घसरलं तर पुढचं चाक पाडतं. नवा ४० ऐवजी ४३ चा घेतला आहे. लावल्यावर सरांनी स्वतःच खिशातून ६ ची की काढली आणि फोर्कमधून फिरवून पाहिली. फिरली.